घरामागचा समुद्र आणि काकूचा सांबार

आमच्या घरामागे स्विमिंग पूल आहे, हे मी शाळेत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मुलींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरामागे विमानतळ आहे म्हणाले. तो तिथे कसा आला ते विचारू नका. एका हिवाळ्यात बाबांना हुरडा पार्टीसाठी येणाऱ्या शहरी पाहुण्यांची स्वप्नं पडली. पाहुणे आले नाहीत, पूल राहिला. बाबा त्याला अजूनही 'स्विमिंग पूल'च म्हणतात. गाव 'मास्तरचा हौद' म्हणतं. आई काहीच म्हणत नाही, नुसतं तिकडे बघते आणि बाबा पेपर वर धरतात.

मी पल्लवी, इयत्ता नववी. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात जानेवारीत माझा दुसरा नंबर आला. त्याआधी मी वर्गात पाणी प्यायला जाऊ का हेसुद्धा मैत्रिणीकडून विचारून घ्यायची. नंबर आल्यावर मला एकदम आवाज फुटला. नव्या चपला चावतात तसा नवा आत्मविश्वासही चावतो, फक्त तो दुसऱ्यांना चावतो.

म्हणून एका रविवारी जेवताना मी जाहीर केलं, "बाबा, आपण पुलाचं मत्स्यालय करू. खाऱ्या पाण्याचं. समुद्राचं."

बाबांच्या हातातला घास थांबला. दहा माणसांनी नाकारलेल्या वस्तूचं कुणी कौतुक केलं की तिच्या मालकाचा चेहरा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला. आई म्हणाली, "वाशिम जिल्ह्यात समुद्र? इथं प्यायले टँकर येते." पण तोवर बाबा लांबी-रुंदी पुटपुटायला लागले होते.

आता पुलाच्या पाण्याचं काय व्हायचं, ते सांगायला हवं. पूल रिकामा ठेवला तर टाइल्स उखडतात असं गवंड्यानं बजावलं होतं, आणि भरून ठेवला तर पाणी हिरवं होतं. त्यामुळे दर शनिवारी जुनं पाणी सोडायचं आणि बोअरचं नवं भरायचं. सोडलेलं पाणी एका पाटानं शेजारच्या वच्छलाकाकूच्या खालच्या तुकड्यात जायचं. काकूची वांगी-भेंडी वरच्या तुकड्यात, आणि खाली सांबार. सांबार म्हणजे इडलीबरोबरचा नव्हे. पुण्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात तो. संक्रांतीनंतर काकूची विहीर तळ दाखवते. पुलाच्या पाण्यामुळे तिचा सांबार उन्हाळाभर हिरवा राहायचा, आणि तालुक्यात उन्हाळ्यात सांबार म्हणजे सोनं.

पण काकू तो विकायची नाही. मंगरूळपीरच्या बाजारात ती वांगी विकायची, भेंडी विकायची, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत वरून मूठभर सांबार टाकायची. भर मे महिन्यातसुद्धा. बाकीच्या बाया वरून कढीपत्त्याची एक काडी टाकताना हात आखडतात. त्यामुळे बाजारात तिला वच्छला म्हणून कुणी ओळखत नव्हतं. ती 'सांबारवाली काकू' होती. वांगं किडकं निघालं तरी लोक परत तिच्याकडेच यायचे.

म्हणून काकूला विचारायला मी जरा घाबरतच गेले. समुद्र झाला की शनिवारचं पाणी बंद.

काकू भेंडी तोडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "लाट येईन का त्याच्यात?"

"लाट... लहान येईल."

"मले लय दिवसाचं पाहाचं हाये वं समुद्र. टीव्हीत पाह्यला, पण टीव्हीत त्याचा वास येत नाही. पाण्याचं काय, तुहे बाबा बोअरवरून नळी देतीन सरळ. देतीन ना?"

"देतील ना!" मी बाबांच्या वतीनं सांगून टाकलं. त्या दिवसांत मी सगळ्यांच्या वतीनं बोलत होते.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्यामुळे परवानगीशिवाय ते शिंकतही नाहीत. आम्ही तालुक्याला एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी छापील अर्ज दिला. 'पाण्याचा प्रकार' याच्यासमोर तलाव, नदी, विहीर आणि शेततळे एवढेच पर्याय होते.

"समुद्र कुठे लिहू?" मी विचारलं.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "समुद्र लिहसान त अर्ज रत्नागिरीले जाईन. मंग तिकडून परत येईन, की तुमचा जिल्हा आमच्यात नाही म्हणून."

"मग काय लिहू?"

"शेततळं लिवा. शेततळ्यात मीठ टाकू नये असं कुठीच लिहेल नाही."

बाबांना हे उत्तर फार आवडलं. पुढे कित्येक दिवस ते ज्याला त्याला सांगत होते, 'शासनाची हरकत नाही.'

मग मीठ. समुद्रात लिटरमागे साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं. पूल अर्धाच भरायचा ठरला. मी गणित केलं, सात पोती आली. गणित बरोबर होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण या सगळ्या प्रकरणात बरोबर असलेली ती एकमेव गोष्ट आहे.

कारंजा गावच्या व्यापाऱ्याकडून खड्या मिठाची पोती छोट्या टेम्पोतून आली आणि आमच्या दारात उतरली. व्यापाऱ्यानं बाबांना हळूच विचारलं होतं म्हणे, "गुरुजी, लोणच्याचा धंदा काढला काय?" इथवर ठीक होतं. पण पोती उतरताना समोरच्या बापूरावांनी पाहिलं. बापूराव रिटायर्ड आहेत. कशातून रिटायर्ड, ते गावात कुणाला ठाऊक नाही, पण सल्ला द्यायला त्यांना पूर्ण वेळ मिळतो.

दुपारपर्यंत गावभर झालं. मास्तरनं मीठ भरून ठेवलं. मास्तर सरकारी माणूस, त्याले आतून कळलं असन. मिठाची टंचाई येऊन राह्यली! संध्याकाळी रामकिसनच्या किराणा दुकानासमोर रांग लागली आणि दिवे लागायच्या आत त्याचं मीठ संपलं. मी बाहेर जाऊन ओरडून सांगितलं की अहो, समुद्र करतोय! रांगेतली रामीबाई दुसरीला म्हणाली, "पाय, कसं सफाईनं लपवते पोट्टी."

त्या फेब्रुवारीत आमच्या गावात लिंबाचं लोणचं घातलं नाही असं एकही घर नव्हतं.

सात पोती पुलात ओतली, बांबूनं ढवळली. आता समुद्र झाला की नाही हे तपासायचं कसं? माझ्या विज्ञानबुद्धीला सहावीच्या पुस्तकातला प्रयोग आठवला. साध्या पाण्यात अंडं बुडतं, मिठाच्या पाण्यात तरंगतं. मी गावभर सांगून आले, "उद्या सकाळी अंडं तरंगणार!" रामीबाईच्या कोंबडीचं ताजं अंडं आलं. पुलाभोवती अर्धं गाव जमलं. बापूराव घरून खुर्ची घेऊन आले. मी चमच्यात अंडं ठेवून हलकेच पाण्यात सोडलं.

अंडं तळाशी जाऊन बसलं.

मग बापूराव बोलले, "तुह्या समुद्रात दम नाही, पल्लवी."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं की अंड्याला जाऊ द्या, माझं गणित बरोबर आहे. खऱ्या समुद्रातही ताजं अंडं बुडतंच, हे मला नंतर कळलं. पण समोर अर्धं गाव होतं, आणि माझ्या दुसऱ्या नंबरचं प्रमाणपत्र बैठकीत लॅमिनेट करून लावलेलं होतं. मी म्हणाले, "मीठ कमी पडलं."

मग जे झालं तसं आमच्या गावात गणपतीच्या वर्गणीलाही कधी होत नाही. टंचाई येत नाही हे एव्हाना सगळ्यांना कळून चुकलं होतं आणि घरोघरी मीठ पडून होतं. रामीबाई गंजभर, म्हणजे मोठं पातेलं भरून, मीठ घेऊन आली. "माह्या कोंबडीची इज्जत हाये," म्हणाली. रामकिसननं अर्धं पोतं दिलं. कुणी वाटी, कुणी डबा, कुणी पदरात. बाबांनी कारंज्याहून आणखी पोती मागवली. रोज सकाळी अंडं सोडायचं, ते बुडायचं, आणि गाव मीठ ओतायचं. शाळेत जाताना जीपवाला विचारायचा, "तरंगलं का गा?"

चौथ्या की पाचव्या दिवशी अंडं वर आलं. नुसतं वर आलं नाही, पोट वर करून ऐटीत पसरलं, जसं पाहुण्यांनी पुलात पसरावं असं बाबांना वाटलं होतं. टाळ्या झाल्या. बाबांचे डोळे भरून आले. बापूराव म्हणाले, "मी सांगतलंच होतं, मीठ कमी हाये."

दुसऱ्या रविवारी बाबा आणि मी एसटीनं नागपूरला गेलो. तिथल्या दुकानात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे घेतले. दुकानदारानं विचारलं, "पाणी तयार है ना?"

मी अभिमानानं सांगितलं, "अंडं तरंगतं!"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग बाबांकडे. मग काउंटरमधून पाण्याचा खारेपणा मोजायचं, काचेच्या तरंगत्या नळीसारखं एक मीटर काढून त्यानं माझ्या हातात ठेवलं. "हे तुले माझ्याकडून. घरी गेल्यावर मासे सोडाच्या आधी हे बुडव. आधी हे. समजलं?"

परत येताना माशांची ऑक्सिजन भरलेली पिशवी मी मांडीवर धरली होती. कंडक्टरनं माझं अर्धं तिकीट फाडलं, बायांना असतं तसं, आणि पिशवीकडे बोट केलं. "याईचं?"

बाबा म्हणाले, "मासे आहेत."

"बाई हाये का माणूस?"

मला हे वाचून माहीत होतं. गप्प बसायला काय हरकत होती? पण मी सांगितलं, "हे मासे जन्मतः नर असतात. पुढे मोठे झाले की त्यातला एक मादी होतो."

कंडक्टरनं विचार केला. "मंग झाल्यावर या. आता पूरं लगेज." कारंज्यापर्यंत सगळी बस त्या पिशवीकडे बघत होती. मागच्या सीटवरच्या आजीनं माशांना फुटाणे देऊ केले.

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. काकू, बापूराव, आई, सगळे पुलाशी वाट बघत होते. मी मीटर बुडवलं. म्हणजे बुडवायला गेले. ते बुडेचना. समुद्राची खूण नळीच्या मधे होती आणि ती पाण्याच्या कितीतरी वर उभी राहिली. मी दुकानदाराला फोन लावला.

"ताई, हे समुद्र नाही. ह्याच्यात मासा सोडला त लोणचं होईन. दोन तृतीयांश पाणी काढा, तेवढं गोडं टाका. लवकर. पिशवीतली हवा संध्याकाळपर्यंत टिकन."

मी पिशवीकडे पाहिलं. दोन्ही मासे एकमेकांना चिकटून तळाशी थांबले होते. आता हे विज्ञान वगैरे राहिलं नव्हतं. माझ्या हातात दोन जीव होते.

"बाबा, पाणी सोडा!" मी किंचाळले. "बोअर चालू करा!"

आणि आम्ही सगळे एकदम हललो. बाबांनी शनिवारच्या सवयीनं खालचा वॉल्व्ह फिरवला. पाणी शनिवारच्या सवयीनं पाटात गेलं. इतक्या दिवसांनी पाटाला पाणी आलेलं पाहिल्यावर काकूनं शनिवारच्या सवयीनं लुगडं खोचलं आणि फावडं घेऊन धावली. मी बाबांच्या वतीनं कबूल केलेली नळी त्यांनी जोडली होती, पण लाइट दिवसातून दोनदा जायची आणि काकूचा सांबार अर्धा तहानलेला होता. "वाया नका जाऊ देऊ रे, एक थेंब वाया नका जाऊ देऊ!" ती ओरडत होती. एका वाफ्याचं तोंड फोडायचं, भरलं की मातीनं बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं. आई तिच्या मदतीला उतरली. बापूराव खुर्चीवरून हातवारे करत होते, "त्या कोपऱ्याले पोचलं नाही, वच्छला! तिकडे दे!" आणि मी, विज्ञान प्रदर्शनात तालुक्यात दुसरी, पिशवी छातीशी धरून काठावर उभी राहून हसत होते, कारण सगळं इतकं वेळेवर चाललं होतं.

पाणी वाया घालवणं आमच्याकडे पाप आहे. त्या पापातून आम्ही सगळे वाचलो.

ऊन उतरताना मीटर खुणेवर आलं. मी पिशवी पाण्यात धरली, तोंड सोडलं. मासे जरा थबकले आणि मग निघाले, एवढ्या मोठ्या पाण्यात केशरी ठिपक्यांसारखे. काकू चिखलाचे पाय घेऊन काठावर बसली, पाय पाण्यात सोडले.

"लाट?" तिनं विचारलं.

मी कपड्यांसकट उडी मारली. लाट उठली, काकूच्या गुडघ्यांवर आपटली, तिच्या तोंडावर उडाली. तिनं ओठ चाटले आणि पोरीसारखी हसली. "खरंच खारट हाये वं!"

तेव्हासुद्धा कुणाच्या डोक्यात काही आलं नाही.

तीन-चार दिवसांनी सांबाराच्या पानांच्या कडा चहासारख्या तपकिरी झाल्या. बापूरावांनी मावा सांगितला. रामीबाईनं नजर सांगितली. काकूनं आणखी पाणी दिलं. मग सगळा तुकडा एकाच बाजूला झोपला, आणि वाफ्यांच्या वरंब्यांवर पांढरी साय धरली. काकू वाफ्यात बसली, चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. मी पाटाच्या या बाजूला होते. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"पल्लवी, तुहा समुद्र इथंच आला वं."

तिनं मला एक शिवी दिली असती तर मी दोन वेळा नीट जेवले असते. पण ती फावडं उचलून घरी गेली.

मासे आठवड्यात नागपूरला परत पाठवले. पुलात त्यांना खायला काही नव्हतं आणि आम्हाला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. उरलेलं खारं पाणी कुठे सोडायचं, हा नवा प्रश्न आला. नाल्यात नको, रस्त्यावर नको, वावरात तर नकोच. सगळं गाव एकमतानं म्हणालं, "आमी त सांगतलं होतं, मीठ चांगलं नाही." पुलाशी अंड्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांत हीच माणसं होती, पण भांडायला माझ्याकडे तोंड नव्हतं. पाणी तसंच उन्हात उभं राहिलं. एप्रिलपर्यंत आटत आटत त्याच्या काठाला पांढरी रेघ खाली खाली उतरत गेली.

कृषीवाले एक साहेब येऊन बघून गेले. म्हणाले, गोड्या पाण्यानं धुवत राहा, जिप्सम टाका. दोन पावसाळे जातील. मी रोज शाळेआधी बोअरच्या बादल्या त्या तुकड्यात ओतते. काकू आधी नको म्हणाली. मग म्हणाली, "एकाच जागी नको ओतू. फिरवून दे." तेवढंच.

सुट्टी लागल्यावर मी आईला विचारून काकूबरोबर बाजाराला गेले. मदत करते म्हणाले. खरं तर मला तिथे बसायचं होतं. मंगरूळपीरच्या बाजारात उन्हाची ताडपत्री लावून आम्ही बसलो, समोर वांगी, भेंडी, थोडी मिरची. एका माणसानं वांगी घेतली, काकूनं पिशवीत टाकली. तो तसाच उभा राहिला, पिशवी दोन्ही हातांनी उघडी धरून.

"या वर्षी सांबार नाही आला, दादा," काकू म्हणाली.

"अं? अच्छा." तो गेला.

दुसरी बाई आली. भेंडी घेतली, पिशवी उघडी. "नाही आला यंदा, बाई." तिसरी. चौथा. काकू प्रत्येकाला तेच सांगत होती, आणि माझं नाव एकदाही तिच्या तोंडात आलं नाही. ते मला सहन होईना. पुढच्या माणसाला ती 'यंदा' म्हणाली आणि मी उठून उभी राहिले.

"काका, सांबार आला नाही असं नाही, माझ्यामुळे गेला!" आणि मी सगळं सांगितलं, प्रदर्शनात बोलले होते तसं, मोठ्यानं, हातवारे करून. अर्ज रत्नागिरीला जाईल ते. मिठाची रांग ते. अंडं बुडालं ते, कंडक्टर ते. शेजारच्या बाया विकायचं थांबून ऐकायला लागल्या. मिरचीवाली डोळे पुसत हसत होती. समोरचा माणूस 'मंग झाल्यावर या'वर इतका हसला की त्याला खोकला आला. काकूचे खांदेसुद्धा हलले. मला वाटलं, चला. मी वांगी तोलली, त्याच्या पिशवीत ओतली, एक जास्तीचं टाकलं.

"लय हसवलं पोरी," तो म्हणाला आणि तसाच उभा राहिला.

पिशवी त्यानं अजून उघडीच धरली होती. त्याचं त्याच्या लक्षात नव्हतं. काकूचा हात सवयीनं बाजूच्या टोपल्याकडे गेला, रिकाम्या तळाला लागला आणि मागे आला.

"बस खाली," काकू मला म्हणाली. "पुढचं गिऱ्हाईक हाये."